लाइनीत या

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सर्वांत जास्त अर्थांचा शब्द म्हणून ‘सेट’ बरीच वर्षं मिरवत होता. १९८९च्या आवृत्तीत त्याच्या क्रियापदाचे ४३० अर्थ भरले. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ने त्याला मागे टाकलं. एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ते लावता लावता पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले. नऊ महिन्यांत लोकांच्या घरी पाळणा हलतो. या गृहस्थांनी रन काढले.

गिलिव्हरसाहेबांना माझं निमंत्रण आहे. त्यांनी महाराष्ट्रात यावं, राहण्याजेवणाची सोय आपण करू, आणि फक्त ‘लाइन’ हा एक शब्द घेऊन बसावं. नऊ महिन्यांत त्यांचं दादरही ओलांडून होणार नाही.

‘लाइन’ इंग्रजी आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. परका शब्द घरचा झाला की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे: त्याचं सामान्यरूप होतं का ते बघायचं. मोबाइल आपल्या खिशात राहतो, उशाशी झोपतो, तरी तो ‘मोबाइलवर’च राहिला, ‘मोबाइलावर’ झाला नाही. लाइन मात्र लाइनीत, लाइनीला, लाइनीवर अशी रीतसर चालते, आणि अनेकवचनात ‘लाइनी’ होते. लाइन लिहायचं, लाईन लिहायचं की लायन, यावर मुद्रितशोधकांत अजून एकमत नाही. खेड्यात तर ‘लायन’च. आमच्याकडे लायन्स क्लबचं नेत्रतपासणी शिबिर झालं, तेव्हा सकाळपासून लागलेली गर्दी बघून एक आजोबा म्हणाले, “नाव बराबर ठेवलंय. लईच लायन आहे.”

आता मराठीत शब्दांचा दुष्काळ होता म्हणून हा शब्द आला, असंही नाही. माणसांची रांग, अक्षरांची ओळ, वहीतली रेघ, भूमितीतली रेषा. कामं वाटून दिलेली, कुणाची कुणाला आडकाठी नाही. चार जावांच्या अशा नांदत्या घरात ही पाचवी आली आणि बघता बघता किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला. आज पोरगं वहीत लाइन मारतं, मास्तर दोन लाइनी लिहून आणायला सांगतात, रेशनच्या दुकानापुढे लाइन असते, आणि सुतार फळीवर पेन्सिलीने लाइन आखतो. बाकीच्या चौघी आता सणावाराला आणि पाठ्यपुस्तकात दिसतात.

काही दारं मात्र तिला अजून उघडलेली नाहीत. सीतेच्या पर्णकुटीपुढे लक्ष्मणरेषाच आहे. लक्ष्मणलाइन म्हटलं तर एखादी प्रवासी कंपनी वाटेल. पंढरपुरात विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायला लोक तासन्‌तास उभे असतात, पण ती दर्शनबारी. कबड्डीत मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा असते, आणि ती न ओलांडता परत आलेला चढाईपटू बाद होतो. तिच्या नावातच असं काही वजन आहे की लाइनीची तिथे डाळ शिजली नाही. पण त्याच मैदानावर एक मीटर पुढे समालोचक ‘बोनस लाइन’ म्हणून ओरडतात. दारिद्र्यरेषेचं तर विचारूच नका. सरकारी कागदावर ती रेषा. कार्डधारकाच्या तोंडी ‘बीपीएल’, आणि त्यातल्या शेवटच्या एलमध्ये लाइन दडी मारून बसलेली.

माणसांच्या रांगेला लाइन म्हणायला तर आपल्याला इंग्रजांनीसुद्धा शिकवलेलं नाही. ते स्वतः ‘क्यू’ लावतात. मुंबईतली जुनी माणसं बसच्या क्यूत उभी राहायची. ‘क्यू’ म्हटलं की पाय आपोआप जुळायचे आणि पुढच्याच्या मानेकडे बघत गप्प राहावंसं वाटायचं. अशी शिस्त परवडेना म्हणून आपण तो शब्द साहेबाबरोबर बोटीत बसवून दिला असावा, असा माझा तर्क आहे. लाइनीत गप्पा चालतात, भांडण चालतं, जागा धरून चहाला जाणं चालतं.

इंग्रज माणूस लाइनीला चिकटवायला छोटी छोटी अव्ययं वापरतो: इन, ऑन, ऑफ, आउट ऑफ. एवढ्याशा तुकड्याने अर्थ फिरतो. आपला कारभार क्रियापदांवर. लावणं, लागणं, मारणं, देणं, टाकणं, ओढणं, धरणं, सोडणं, कापणं, मोडणं. लाइन तीच, क्रियापद बदललं की थेट कलम बदलतं. लाइन कापणं हा वीज कंपनीचा अधिकार, लाइन मोडणं हा नागरिकांचा. सोळा वर्षांचा मुलगा पहाटे साडेचारला उठून “लाइन टाकायला जातो” म्हणाला तर आईने त्याला चहा करून द्यावा. पोरगं घरोघर वर्तमानपत्रं टाकतंय. डेपोवर बसून पुरवण्या भरायच्या, गठ्ठा सायकलला लावायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खालूनच अंक भिरकावायचा, ही ती लाइन. तोच मुलगा संध्याकाळी केस चोपडून “लाइन मारायला जातो” म्हणाला तर चहा बापाकडून मिळतो.

या ‘लाइन मारणे’चा मी बराच विचार केलेला आहे. यात लाइन कुठेही नसते आणि मारही, निदान सुरुवातीला, नसतो. एक मुलगा मोटारसायकलला टेकून उभा असतो, कॉलेजचं फाटक उघडतं आणि तो बघतो. बस. एवढ्या आळशी कामाला मराठीने ‘मारणे’ हे क्रियापद द्यावं, हे पुरुषांच्या बाबतीत भाषेने दाखवलेलं नेहमीचं औदार्य आहे. समोरच्या बाजूला ‘लाइन देणे’ नावाची क्रिया असते असं सगळे मित्र शपथेवर सांगतात. पण तिने लाइन दिली म्हणजे नेमकं काय केलं, हे कुणी तिला विचारलेलं नसतं. बहुधा तिने वळून रिक्षा येतेय का, ते पाहिलेलं असतं.

मुंबईत गेलात तर लाइनीचा हा अर्थ दुय्यम. तिथे पहिला प्रश्न, “कुठल्या लाइनीला राहता?” १६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, तेव्हा पाहुणे मंडळी चौदा डब्यांतून मजेत गेली. आपण एका जातिव्यवस्थेचं उद्घाटन करतो आहोत याची त्यांना कल्पना नसणार. आज मुंबईकर हा वेस्टर्न लाइनचा असतो, सेंट्रलचा असतो किंवा हार्बरचा. वेस्टर्नवाल्याची समजूत अशी की सेंट्रलची गाडी वेळेवर येणं हा योगायोग असतो. सेंट्रलवाल्याचं म्हणणं असं की वेस्टर्नला एका सरळ पट्ट्याशिवाय आहेच काय; आमच्या गाड्या कसाऱ्याला आणि कर्जतला जातात, डोंगर चढायच्या तयारीने. दोघांचं एकमत फक्त हार्बरला कमी लेखण्यात. खरं तर देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती याच हार्बर लाइनवर. पण घराणं कितीही जुनं असलं तरी चुनाभट्टीचा पत्ता सांगितला की समोरचा “अच्छा, हार्बर,” असं म्हणतो आणि विषय हवापाण्याकडे वळवतो.

स्थळं बघतानाही लाइन बघतात. गोत्र जुळलं, पत्रिका जुळली, मुलाचा पगार जुळला. पण मुलगी बोरिवलीची, मुलगा डोंबिवलीचा. मग मुलीचे वडील नकाशा नसलेल्या माणसाला समजावल्यासारखं म्हणतात, “तसं सगळं चांगलं आहे हो, पण लाइन बदलावी लागेल.” दर दिवाळीला, दर गणपतीला, दर बारशाला दादरच्या पुलावरून पोरंबाळं आणि पिशव्या घेऊन जायचं, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं असतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. संध्याकाळी सातला दादरचा पूल ज्याने बघितलाय, त्याने पत्रिकेतल्या मंगळाला घाबरायचं कारण नाही.

त्याच मुंबईत मरीन लाइन्स नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरलेल्या नवख्याला कुठलीही लाइन दिसत नाही, समुद्र दिसतो. ही लाइन पलटणीची. मरीन बटालियनच्या बराकी तिथे होत्या आणि बराकींच्या ओळींना लाइन्स म्हणत. पलटण गेली, बराकी गेल्या, नाव राहिलं. पोलीस लाइनीतली लाइनही त्याच जातीची. तिथे वाढलेलं पोर “मी लाइनीतला” असं सांगतं तेव्हा त्यात थोडा अभिमान आणि थोडी सूचना असते. नागपुरात सिव्हिल लाइन्स आहेत. मोठे बंगले, मोठी झाडं, आणि हिवाळ्यात तिथल्या विधानभवनात सगळं राज्य गोळा होतं. पोलीस लाइन आणि सिव्हिल लाइन्स यांतला फरक साधा आहे: एकीकडे एका खोलीत पाच माणसं, दुसरीकडे एका माणसाला पाच खोल्या. इंग्रजीत दोन्ही लाइनीच.

राजकारणाने तर रेल्वेची एक संज्ञा उचलून आपल्याच नावावर केली. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने मार्ग मोकळा आहे असं कळवल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. त्या परवानगीला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. आता ती वर्तमानपत्रात तिकीटवाटपाच्या वेळी सापडते. अमक्याची लाइन क्लिअर, म्हणजे तमक्याला विधान परिषदेचं आश्वासन देऊन बाजूला उभं केलेलं आहे. रेल्वेत लाइन क्लिअर न घेता गाडी पुढे काढली तर चौकशी होते. राजकारणात तसं केलं तर त्याला बंडखोरी म्हणतात, आणि निवडून आल्यावर घरवापसी.

लग्नाच्या मांडवात ‘लाइन’ म्हणजे धंदा-नोकरी. “चिरंजीव कुठल्या लाइनीत?” या प्रश्नाला “कॉम्प्युटर लाइनीत” हे उत्तर दिलं की विचारणारा समाधानाने मठ्ठ्याकडे वळतो, पुढचं त्याला कळणार नसतं आणि सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मेडिकल लाइन, हॉटेल लाइन, ट्रान्सपोर्ट लाइन. यांतल्या कुणालाही विचारा, एकच वाक्य मिळेल: “आमच्या लाइनीत आता काही राहिलं नाही.” डॉक्टर म्हणतो, बिल्डर म्हणतो, तीन पेट्रोल पंपांचा मालकही म्हणतो. मग दुसऱ्यांच्या पोरांना आपल्या लाइनीत यायला कुणी सांगत नाही आणि स्वतःचं पोरगं हळूच त्याच लाइनीला लावतं. मांडवात बोलताना ‘ला’ आणि ‘वर’ यांत मात्र गफलत होता कामा नये. “आमचा मुलगा लाइनीला लागला” म्हणजे नोकरी पक्की झाली, फ्लॅटचं बुकिंग झालं. “आमचा मुलगा लाइनीवर आला” म्हटलं की मुलीकडचे लोक जेवता जेवता थांबतात. तो आधी कुठे गेला होता, याची चौकशी त्याच संध्याकाळी सुरू होते. एका प्रत्ययाने ठरलेली लग्नं मोडू शकतात, हे व्याकरणाच्या तासाला सांगितलं असतं तर आम्ही लक्ष देऊन ऐकलं असतं.

ग्रामीण भागातल्या स्थळाला आणखी एक लाइन लागते: पाइपलाइन. “पाच एकर, विहीर, बोअर, पाइपलाइन” हा बायोडाटातला सर्वांत वाचनीय भाग असतो. शहरातल्या कचेऱ्यांतही काही कामं ‘पाइपलाइनमध्ये’ असतात. दोन्हींत फरक एवढाच की शेतातल्या पाइपलाइनमधून कधीतरी पाणी येतं.

या सगळ्या गदारोळात लाइनीचा अस्सल, मूळ अर्थ सांभाळून ठेवलाय तो गवंड्याने. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. त्याच्या खोडाच्या धाग्याची दोरी ती ‘लिनिया’, आणि तिची झाली लाइन. लिननचा शर्टही त्याच घरचा. म्हणजे विदर्भात भाकरीबरोबर जी जवसाची चटणी खातात, तीही लाइनीची नात्यातलीच. इंग्रजीत जवसाच्या बीला ‘लिनसीड’ म्हणतात, त्यातला ‘लिन’ हाच. शिकलेल्या जगाने ही दोरी कधीच हरवली. गवंडी मात्र अजून ‘लाइनदोरी’ म्हणतो. दोरीला दोनदा दोरी म्हणतो खरा, पण त्याचा हिशेब चोख असतो.

घराची लाइन-आउट देतात तो कार्यक्रम आवर्जून बघावा. नारळ फुटलेला असतो. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकतात. गवंडी दोरीचं एक टोक खिळ्याला दोन वेढे देऊन बांधतो, दुसरं टोक ओढत नेतो, ताणतो आणि मधोमध जाऊन अंगठ्याने तिला तंबोऱ्यासारखी छेडतो. ती ‘टंग’ वाजली तर ठीक, ‘भद्‌’ वाजली तर पुन्हा ओढ. मग एक डोळा मिटून, बूड टेकवून तो तिच्या पातळीत बघतो. मालक त्याच्या मागे बसून तसाच डोळा मिटतो. त्याला काही दिसत नसतं. दोरीच्या कडेने पांढरी फक्की पडते. आणि नेमक्या याच क्षणाला शेजारचे अण्णा, हातात दात घासायचा ब्रश तसाच, कुंपणापाशी येतात. “लाइन जरा इकडे सरकल्यासारखी वाटते,” एवढंच म्हणतात. दोन महिन्यांनी घराचं जोतं वर येतं, आणि दोन वर्षांनी तालुक्याच्या कोर्टात तारीख लागते. निकाल लागेपर्यंत अण्णांचा नातू वकील झालेला असतो. म्हणजे लाइनीला लागलेला.

‘डेडलाइन’चा तर जन्मच रक्तातला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आतल्या बाजूला थोड्या अंतरावर एक साधा लाकडी कठडा. त्याच्या पलीकडे कैद्याने पाऊल टाकलं की पहाऱ्यावरच्या शिपायाने गोळी घालायची. ती डेडलाइन. पुढे ती छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत पोचली आणि तिथून आपल्या कर विवरणपत्रात. आपल्याकडे मात्र तिचा डंख आपण काढून घेतला. आपण डेडलाइनकडे जरा लवकरच बघितलं तर लोक हसतात. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सगळे एकदम धावतात, संकेतस्थळ बसतं, आणि रात्री बातमी येते: मुदतवाढ. तिथे लाइन ओलांडली तर गोळी, इथे पंधरा दिवस.

आणि आता सगळ्या लाइनींचं संमेलन बघायचं असेल तर तालुक्याच्या गावी दाखले काढून देणाऱ्या केंद्रावर, दहावी-बारावीचा निकाल लागल्याच्या आठवड्यात, सकाळी दहाला जा. दारावर पाटी: ‘सर्व अर्ज ऑनलाइन’. म्हणून बाहेर लाइन. इतकी की पिंपळाला वळसा घालून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. लाइनीत माणसं थोडी, वस्तू जास्त. एक चप्पल, फक्त डावी. तिच्यामागे वीट, विटेखाली दुमडलेलं आधार कार्ड. मग हेल्मेट, निळी पिशवी, मग पुन्हा एक वीट, पण ही वादग्रस्त. ती लाइनीतली आहे की आधीपासून तिथे पडलेली आहे, यावर दोघांची जुंपलेली. वस्तूंचे मालक सावलीत बसून आपापल्या वस्तूवर नजर ठेवून आहेत. एखादा सफारीवाला गृहस्थ “फक्त विचारायचंय” असं म्हणत थेट खिडकीशी जातो. फक्त विचारणारा माणूस या महाराष्ट्रात आजवर उत्तर घेऊन परत फिरलेला नाही. तो दाखलाच घेऊन फिरतो. मागून कुणीतरी ओरडतं, “ओ साहेब, लाइनीत या!” साहेब कानावरचा फोन दाखवतो. “लाइनवर आहे,” म्हणतो.

तेवढ्यात आतला पंखा थांबतो. केंद्रवाला पोरगा खिडकीतून डोकं बाहेर काढतो.

“लाइन गेली!”

“कुठं गेली?” निळ्या पिशवीवाल्या आजी उठून उभ्या राहतात. “मी सकाळपासून हितंच हाय.”

“लाइट हो आजी, लाइट. लाइन गेली म्हणून नेटची लाइन पण गेली. ऑनलाइन बंद.”

वायरमनला फोन लावतात. त्याची लाइन लागत नाही. मग झिरो वायरमनला बोलावणं जातं. झिरो वायरमन म्हणजे ज्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर कुठेच नसतं आणि प्रत्येक खांबाला ज्याचा पाय माहीत असतो तो. तो येतो, वर बघतो, कुणाच्या तरी आकड्याने तार ओढली गेली आहे असं जाहीर करतो, आणि आकडा कुणाचा हे न सांगण्याइतका शहाणा असतो. एक तास लागेल म्हणतो. सफारीवाल्याचा अर्ज अर्ध्यावर अडकला, एवढंच काय ते सर्वांना समाधान.

“लाइन आली की लाइनीत या,” पोरगा खिडकी ओढून घेत म्हणतो. “ऑनलाइन करून देतो.”

आजी पिशवीवर एक दगड ठेवून चहाला जातात. मोटारसायकलवरून एक तरुण उतरतो, या वस्तुसंग्रहालयाकडे बघतो आणि सावलीतल्या माणसांना विचारतो, “शेवटचं कोण?”

“ती वीट.”

“कुठली? डावीकडची?”

“नाही, ती नुसती वीट आहे. उजवीकडची.”